बारा खांदे

३ नोव्हेंबर, सोमवार

ही डायरी डायनामाइटच्या दुकानातून फुकट मिळाली. गेल्या वर्षीची आहे, त्यामुळे छापलेले वार जुळत नाहीत. वार मी हाताने घालतो. आमच्या गावच्या शाळेतले मास्तर सांगायचे, जे कोणाला सांगता येत नाही ते लिहून ठेवावं, म्हणजे ते पोटात आंबत नाही. पाचवीनंतर शाळा सुटली, पण ते वाक्य राहिलं.

तर पहिली गोष्ट ही की मी पाव खाल्ला.

गेल्या फेब्रुवारीत कार्निव्हलच्या आधी सगळ्या खाणींचे क्रूस डोंगरावरून उतरले तेव्हाची गोष्ट. उतरणीच्या यजमानाच्या हातात एक गोल कडं केलेला पाव असतो. तो ज्याच्या हाती देईल आणि जो तो खाईल, तो पुढच्या वर्षीचा यजमान. यजमान होता रुफिनो, माझ्या मुलीचा धर्मपिता, माझा कंपाद्रे. मी सकाळपासून प्रार्थनेसाठी उपाशी. रुफिनो म्हणाला, "कंपाद्रे, जरा धर, मी बुटाची नाडी बांधतो." मी धरला. वास फार चांगला होता. मी एक तुकडा तोंडात टाकला आणि चारी बाजूंनी टाळ्या वाजल्या. रुफिनोच्या बुटांना नाड्या नसतात, रबराचे बूट असतात, हे घास गिळल्यावर माझ्या लक्षात आलं.

तेव्हा हसलो होतो. जस्ताचा भाव आभाळाला होता, आमच्या सांता आपोलोनिया खाणीत चौतीस माणसं होती, वाल्तेरने लाल जीप घेतली होती. आता जस्त खाली आलं आहे आणि आम्ही पाच जण उरलो आहोत.

काल सहकारी संस्थेची सभा झाली. नियम जुनाच आहे, पण या वर्षी कडक पाळणार म्हणतात: ज्या खाणीचा क्रूस बारा खांद्यांवर उतरणार नाही ती खाण मेली असं समजायचं, आणि तिचे बोगदे शेजारच्या खाणीला द्यायचे. आमची शेजारची खाण म्हणजे सान ब्रुनो. तिचा प्रमुख उबाल्दो पहिल्या रांगेत बसला होता आणि माझ्याकडे पाहून हळूच मान डोलवत होता, जसा कोणी भाड्याने घेणार असलेल्या घराच्या भिंती बघतो.

क्रूस उतरायचा तो शनिवार, चौदा फेब्रुवारी. बारा खांदे. पाच आहेत.

१२ नोव्हेंबर, बुधवार

खाणीच्या तोंडापर्यंत चढताना आज सात वेळा थांबलो. पूर्वी तीन वेळा थांबायचो. पावसाने वळणं ओढली जाऊन रस्ता वाढला असणार. लिनोला विचारलं. लिनो एकाहत्तर वर्षांचा आहे, खाणीत येतो, गाड्यावर बसून झोपतो, आणि पाचांत मोजला जातो. तो म्हणाला, "रस्ता तोच आहे, पोरा." पण लिनोची नजर अधू झाली आहे.

घरी गोया पुन्हा सांता क्रुसचं बोलली. तिची बहीण तिथे कोंबड्या पाळते. खाली, गरमीत. "तिथे माणसं सदऱ्यावर फिरतात," गोया म्हणाली.

"मला सदऱ्यावर फिरायचं नाही."

"तुला फिरायचंच कुठे आहे? तुला जमिनीत जायचंय."

तिला थंडीचा कंटाळा आला आहे. बायकांना येतो.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

शुक्रवारी काम संपल्यावर आम्ही आत काकाच्या मूर्तीजवळ बसतो. मातीचा, शिंगांचा, तोंडात सिगारेट खुपसायला भोक असलेला. जमिनीखालचं सगळं त्याचं. जमिनीवरचं ताताचं, म्हणजे खाणीच्या तोंडाशी कोनाड्यात उभ्या असलेल्या आमच्या क्रूसाचं. मी ताताचा माणूस आहे, सत्तावीस वर्षं त्याचा कोनाडा मी झाडतो. पण काकाशी माझं वैर नाही. ज्याच्या घरात जायचं त्याला रामराम करावाच लागतो.

चेका बंधूंनी कोकाची पानं वाहिली, लिनोने दारू शिंपडली. मी काकाला सिगारेट पेटवून दिली आणि धुराने खोकलो. बराच खोकलो. रुफिनो पाठीवर थापटत म्हणाला, "काका, सिगारेट तुला दिलीय, कंपाद्रेला कशाला लागते?" सगळे हसले.

मग मी मोजणी काढली. मी, रुफिनो, लिनो, दोन चेका. सात हवेत.

"जुन्यांना बोलव," रुफिनो म्हणाला. "खाण सोडून गेले म्हणून काय खांदे घरी ठेवून गेलेत?"

"नियमात चालेल?"

"बाजाराच्या कमानीखाली पोचताना ज्याच्या खांद्यावर क्रूसाची दांडी, त्याचं नाव यादीत. ज्याचं नाव यादीत, तो वर्षभर खाणीचा सभासद. नियम एवढाच आहे. उबाल्दो बोंबलेल, बोंबलू दे." हे सांगताना तो माझ्याकडे न बघता हेल्मेटवरचा चिखल नखाने खरवडत होता. रुफिनो नीटनेटका माणूस आहे.

३ डिसेंबर, बुधवार

गोयाचा गुडघा दुखतो म्हणून दवाखान्यात गेलो. डॉक्टर तरुण, फार सज्जन. गोयाचा गुडघा त्याने दोन मिनिटं पाहिला आणि म्हणाला, आलाच आहात तर तुमचीही पाठ ऐकतो. ऐकली. मग म्हणाला, यंत्र चालूच आहे, छातीचा एक फोटो काढू. पैसे घेतले नाहीत. असे डॉक्टर अजून आहेत.

मग तो गोयाशी तिच्या गुडघ्याबद्दल बराच वेळ बोलला, दार लावून. बाहेर आली तेव्हा तिचे डोळे लाल होते. गुडघ्याचं दुखणं वाईटच. मी म्हणालो, "घाबरू नकोस, लोक लंगडतसुद्धा शंभर वर्षं जगतात."

परतताना ती चढावर इतकी भराभर चालली की मला गाठता येईना. दोन कोपऱ्यांवर थांबून माझी वाट पाहत होती. औषध न घेता गुडघा बरा झाला, ताताची कृपा.

संध्याकाळी म्हणाली, "तू खाण सोड."

"क्रूस उतरेपर्यंत तरी नाही. मी सोडली तर खाण बुडाली."

"आणि उतरल्यावर?"

"उतरल्यावर बघू."

"बघू नाही. मी बघते," ती म्हणाली आणि पीठ मळायला बसली. आज तिने पीठ फार जोरात मळलं.

१० डिसेंबर, बुधवार

वाल्तेरला गाठलं. त्याची लाल जीप आता टॅक्सी आहे, छपरावर पाटी लावली आहे. बाजारात उभा होता. मी मागे बसलो, तर म्हणाला, "कुठे सोडू, यजमान?"

"खाणीत."

"तिथे टॅक्सी जात नाही. सहा महिन्यांपूर्वी मीसुद्धा जायचा बंद झालो."

मी सांगितलं काय हवं आहे ते. त्याने आरशातून माझ्याकडे पाहिलं. "खांदा देतो. पण माझं नाव यादीत राहिलं पाहिजे. जस्त वर गेलं की माझी जागा माझी. आधीच सांगतो, नंतर तोंड फिरवायचं नाही."

"जस्त वर जाणार?"

"जातंच की. हा डोंगर आमच्या आज्याच्या आज्यापासून मरतोय. दर वेळी अंत्ययात्रेला लोक जमतात आणि हा उठून बसतो."

त्याच्याबरोबर टॅक्सी चालवणारे आणखी तिघे आपोलोनियाचे आहेत. तेही येतील. एकदम चार! मी त्याला भाडं देऊ लागलो. त्याने घेतलं.

२५ डिसेंबर, गुरुवार

बाळ येशूच्या मूर्तीला लोकरीचे कपडे घातले. मुलीचा सांता क्रुसहून फोन आला, ती मावशीकडेच राहते. "पप्पा, खाली या, इथे श्वास घ्यायला पैसे पडत नाहीत." मी म्हणालो, इथेही पडत नाहीत. मग ती आईला दे म्हणाली.

२ जानेवारी, शुक्रवार

रुफिनो गेला. लांब नाही, सान ब्रुनोत. उबाल्दोने त्याला ड्रिलवर घेतलं, नवं पिवळं हेल्मेट दिलं. सांगायला घरी आला, दारातच उभा राहिला.

"चार पोरी आहेत, कंपाद्रे."

"ठाऊक आहे. एकीचा धर्मपिता मी आहे."

"मग बोल काहीतरी. शिव्या दे."

मला शिव्या सुचेनात. गोयाला मात्र सुचल्या. पाव, नाडी आणि रबरी बूट यांच्यावरून सुरू करून तिने त्याच्या आजोबांपर्यंत नेलं. रुफिनोने ऐकून घेतलं आणि शेवटी तिच्याकडून शेंगदाण्याचं सूप पिऊन गेला. जाताना तो गोयाला म्हणाला, "तेव्हा मला वाटलं होतं, यजमान झाला तर निदान एक वर्ष आतलं काम कमी करेल. यजमानाला बाहेरचीच धावपळ जास्त." काय म्हणायचं होतं कोण जाणे. अपराधी माणूस काहीही बोलतो.

आता आम्ही चार, टॅक्सीवाले चार. आठ.

११ जानेवारी, रविवार

गोयाने काहीतरी नवस केला आहे. रोज सकाळी दोन मोठे पाण्याचे डबे उचलून खालच्या चौकातून घरी आणते. नळ अंगणात आहे, हे मी दोनदा सांगून पाहिलं. "तिथलं पाणी गोड आहे," म्हणाली. चाखलं तर सारखंच लागलं. डबे ती हातात धरत नाही, दांडीला अडकवून खांद्यावर घेते. रविवारी प्रिमितिवाबाईकडे डोंगरावर जाते, चढते आणि उतरते. गुडघ्याचं नावही नाही.

प्रिमितिवाबाई म्हणजे आमच्या खाणीच्या तोंडाशी दगडी खोलीत राहून राखण करणारी. नवरा याच खाणीत गेला, तेव्हापासून तिथेच आहे. तीन कुत्री, एक बंदूक, जिच्यात गोळी असल्याचं कोणी पाहिलं नाही.

रात्री जेवताना गोयाने विचारलं, "कमानीखाली यादी कोण लिहितं?"

"संस्थेचा सेक्रेटरी. एलोय."

"पेनाने की पेन्सिलीने?"

"पेनाने."

"बरं."

तिला एकदम खाणीत रस वाटू लागला, हे मला आवडलं. सत्तावीस वर्षांत विचारलं नव्हतं.

१९ जानेवारी, सोमवार

उयुनीहून पत्र आलं. तिथे मिठावर काम करणारे आपले तिघे येतो म्हणतात, बसचं भाडं दिलं तर. अकरा!

बारावा मिळेना. खाण सोडून न्हाव्याचा धंदा सुरू केलेला एउसेबिओ होता, त्याच्या दुकानात गेलो. त्याने माझी दाढी केली, सगळं ऐकलं, आणि म्हणाला, "खांदा देईन, पण माझी उंची बघितलीस? दांडी माझ्या डोक्यावरून जाईल." खरं आहे. एउसेबिओला आम्ही सगळ्यात अरुंद फटीत पाठवायचो. मग म्हणाला, "बुटात लाकडाची टाच लावली तर?" आम्ही दोघांनी मोजलं. चार बोटांची टाच.

बारा झाले. मी घरी येऊन गुडघे टेकले आणि ताताचे आभार मानले. उठताना खाटेला धरावं लागलं.

२९ जानेवारी, गुरुवार

उबाल्दो खाणीच्या तोंडाशी आला होता, आमचे रूळ आणि हवेची नळी मोजायला. अजून खाण आमची आहे, तरी मोजत होता. प्रिमितिवाबाईने कुत्री सोडली नाहीत, फक्त त्यांची नावं मोठ्याने घेतली.

"दामासोभाऊ," उबाल्दो म्हणाला, "कशाला हा त्रास? बोगदे आम्हाला आले तर तुलाही रोजावर घेईन. हलकं काम. दिवे भरायचे."

"आणि ताता?"

"क्रूस ना? आमच्या गोदामात जागा आहे. पावसात राहणार नाही."

मी रागावत नाही, पण आज रागावलो. गोदामात! पोत्यांच्या मागे! मी म्हणालो, चौदा तारखेला कमानीखाली भेटू. हे वाक्य मला एका दमात बोलता आलं नाही, मध्ये थांबावं लागलं, त्यामुळे हवा तेवढा परिणाम झाला नाही.

२ फेब्रुवारी, सोमवार

ताताला नवे कपडे. गोयाने जांभळ्या मखमलीचा झगा शिवला, काठाला चांदीची जर. क्रूस रेल्वेच्या जुन्या लाकडाचा आहे, फार जड. दोन लांब दांड्यांवर उभा करतात, एकेका दांडीला सहा खांदे. गोयाने झगा चढवला आणि मग कोणी बघत नाही असं पाहून दांडीखाली खांदा लावून बघितला. मी बघत होतो. बायका कापड कसं बसलं ते सगळ्या बाजूंनी तपासतात.

१० फेब्रुवारी, मंगळवार

मला काळजी लिनोची वाटते. एकाहत्तर वर्षं. वाटेत बसला तर अकराच उरतील, आणि वाटेत दांडी सोडलेल्याचं नाव लिहीत नाहीत. मी गोयाला सांगितलं, उतरताना तू आमच्या बाजूने चाल, लिनोवर लक्ष ठेव.

"ठेवीन," ती म्हणाली. "कोणावर लक्ष ठेवायचं ते मला ठाऊक आहे."

तिचं आधार देणारं बोलणं ऐकून बरं वाटलं.

१५ फेब्रुवारी, रविवार

काल जे झालं ते आज लिहितो. काल हात उचलत नव्हता.

सकाळी थंडी पडली होती, मग ऊन. उयुनीचे तिघे तोंडाला मिठाच्या भेगा घेऊन आले. टॅक्सीवाले चारही टॅक्स्या खालच्या वळणावर ठेवून आले. एउसेबिओ चार बोटं उंच होऊन आला आणि कोणी त्याला ओळखेना. प्रिमितिवाबाईने सगळ्यांना गरम दगड टाकलेलं मक्याचं सूप पाजलं. बँड सात जणांचा, त्यातला एक आजारी. सहा.

मी प्रार्थना म्हटली. "ताता, आम्ही थोडे आहोत. मोजू नकोस." मग आठवलं की मोजणारा एलोय आहे, ताता नव्हे.

निघालो. मी यजमान म्हणून उजव्या दांडीला सर्वांत पुढे. माझ्या मागे लिनो. गोया बाजूने, हिरवी शाल, नवी टोपी. वाल्तेर मागून ओरडत होता, "जरा हळू, माझा क्लच घसरतोय!"

दुसऱ्या वळणावर सान ब्रुनोचा क्रूस आम्हाला गाठून पुढे गेला. साठ माणसांचा बँड, साठ पिवळी हेल्मेटं. उबाल्दो ओरडला, "काय रे, दातांच्या देवीला दात किती उरले?" सांता आपोलोनिया दातदुखीवाल्यांची संत आहे, त्यामुळे हे आम्हाला जन्मभर ऐकावं लागतं.

चेकांतल्या धाकट्याने उत्तर दिलं, "चावायला पुरतील एवढे!"

त्या साठांत रुफिनो होता. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग गोयाकडे, आणि हेल्मेट काढलं. गोयाने मान हलवली. त्यांचं भांडण मिटलेलं दिसतं.

लिनो घोड्यासारखा चालत होता. बाजार दिसू लागला, कमान दिसू लागली. शेवटची चढण आहे तिथे, फार नाही, घराच्या छपराएवढी. उतरणीच्या वाटेवर देवाने एक चढण का ठेवली हे मी नेहमी विचारतो. तिथे मला हवा मिळेना. तोंड उघडं होतं, पण आत काही येत नव्हतं. कोणीतरी छातीवर भरलेला गाडा ठेवल्यासारखं. डोळ्यांपुढे पिवळं झालं आणि मला वाटलं हेल्मेटं परत आली.

कानाशी गोयाचा आवाज आला. "दामासो, माझी टोपी धर."

सत्तावीस वर्षांची सवय. बायकोने काही धर म्हटलं की धरायचं. मी टोपी धरायला हात काढला आणि तेवढ्यात माझ्या खांद्यावरची दांडी गेली. ती तिच्या खांद्यावर होती. क्रूस हललासुद्धा नाही. लिनो मागून म्हणाला, "ही बरी चालते."

मी दगडावर बसलो, मांडीवर टोपी घेऊन. सगळं तिथून पाहिलं आणि ऐकलं.

कमानीखाली एलोयने पेन वर केलं. उबाल्दो शेजारीच उभा होता. "बारावी बाई आहे," तो म्हणाला. "अकराच धरा. यजमानाने दांडी सोडली."

एलोयने खिशातून नियमांची वही काढली. ती नेमकी त्याच पानावर उघडली, कोपरा आधीच दुमडलेला होता. ताताची कृपा, नाहीतर तो माणूस वहीत काही शोधायला तास लावतो. त्याने वाचलं: "कमानीखाली पोचताना ज्यांच्या खांद्यावर दांडी असेल ती खाणीची बारा माणसं. पुरुष असं लिहिलेलं नाही."

"खाणीची माणसं लिहिलंय ना!" उबाल्दो म्हणाला. "ही खाणीची कुठे? ही कधी आत तरी गेलीय?"

गोयाने मान वळवली नाही, दांडीखाली वळवता येत नाही. समोर बघतच बोलली, पण बाजारातल्या शेवटच्या दुकानापर्यंत ऐकू गेलं.

"सत्तावीस वर्षं दर शनिवारी मी ही खाण याच्या कपड्यांतून धुऊन काढतेय. अर्धा डोंगर माझ्या परसातून वाहून गेलाय. मी आत गेले नाही, आत माझ्या घरी आलंय. मी खाणीची नाही तर कोणाची रे, उबाल्दो?"

बाजारातल्या बायका हसल्या. आधी एक, मग सगळ्या. सान ब्रुनोच्या पिवळ्या हेल्मेटांमधूनही कोणीतरी मोठ्याने हसलं, मला वाटतं रुफिनोच असावा. एलोयने विचारलं, "पूर्ण नाव?"

"ग्रेगोरिया विल्का. नीट लिही. पेनाने."

बारा. ताता चर्चमध्ये गेला, गोदामात नाही. आमच्या सहा जणांच्या बँडने साठांच्या वर वाजवलं. मला एउसेबिओने एका हाताखाली धरून नेलं. टाचांमुळे तो बरोबर उंचीला लागत होता.

१६ फेब्रुवारी, सोमवार

आज दिवा, पिशवी, पानं घेऊन वर गेलो. नऊ वेळा थांबलो, पण घाई नव्हती. खाण वाचली आहे, काम उद्याही असेल. दारावर नवी यादी चिकटवली होती. मी वाचली. खालून वरही वाचली. लिनो होता, चेका होते, वाल्तेर होता, ग्रेगोरिया विल्का होती. दामासो कोपा नव्हता.

बरोबरच आहे. मी दांडी सोडली होती. नियम मला पाठ आहे, फक्त तो माझ्याबद्दल आहे हे सुचलं नव्हतं.

प्रिमितिवाबाईने दार अडवलं. "भाऊ, यादीत नसलेल्याला सोडायचं नाही असं मला सांगितलंय."

"कोणी?"

"सभासदाने." आणि तिने कुत्र्यांची नावं मोठ्याने घेतली.

खाली आलो. गोया अंगणात कपडे वाळत घालत होती. या शनिवारचे, माझे, शेवटचे चिखलाचे.

"माझं नाव नाही," मी म्हणालो.

"ठाऊक आहे. तुझ्या जागेवर वाल्तेर काम करेल. निम्मं त्याचं, निम्मं आपलं. ठरलंय."

"कधी ठरलं?"

"थंडी सुरू झाली की तीन महिने बहिणीकडे जाऊ. ते पण ठरलंय."

"गोया, मी आत जायचं म्हटलं तर आता काय करावं लागेल?"

"सभासदाची परवानगी लागेल."

"मग दे की."

तिने माझा सदरा झटकला आणि दोरीवर टाकला. "नाही."

१९ फेब्रुवारी, गुरुवार

प्रिमितिवाबाई म्हणते की गोया डिसेंबरपासून एलोयकडे खिमा भरलेल्या साल्तेन्या घेऊन जात होती आणि नियमांची वही मागून वाचत होती. मी तिला सांगितलं, तुझी काहीतरी चूक होतेय. डिसेंबरात कोणाला ठाऊक होतं की ऐन चढणीवर माझा श्वास अडकेल? मलाच ठाऊक नव्हतं. प्रिमितिवाबाईने त्यावर मला दोन अंडी दिली. का दिली कळलं नाही.

आज गोयाची पहिली सभा. बाराच्या बारा जातात, म्हणून तीही. निघताना विचारत होती, हात कधी वर करायचा, कधी नाही. मी सांगितलं, उबाल्दो ज्याला हो म्हणेल त्याला नाही म्हण, मग थोडं ऐक, आणि मग हवं ते कर. हिरवी शाल तिच्या खांद्यावर नीट केली. उजवा खांदा सुजला आहे अजून. तिथे हात लागला तर म्हणाली, "असू दे."

"उशीर होईल का?"

"सभा आहे, उशीर होणारच. जेवण गरम करून ठेव."

मी सांज झाल्यावर चूल पेटवली. दिवसभर घरात असल्याने एक गोष्ट लक्षात आली, खिडकीतून डोंगर पूर्ण दिसतो. इतकी वर्षं मी त्याच्या आत होतो, बघायला वेळ नव्हता. तांबडा आहे. ऊन गेल्यावर जांभळा होतो, ताताच्या झग्यासारखा.

सूप दोनदा गरम केलं आहे. बाहेर पावलं वाजताहेत, पण ती तिची नाहीत. तिसऱ्यांदा ठेवतो.